घर कुणाचं?

नांदणं हा मराठीतला मोठा देखणा शब्द आहे. सुखानं राहणं, भरभराटीनं राहणं असा त्याचा अर्थ. गोकुळ नांदतं, गाव नांदतं. बाईच्या बाबतीत मात्र या शब्दाला एक वेगळं रूप चिकटलं आहे: नांदवणं. ‘तो तिला नांदवत नाही’, ‘नांदवायला तयार आहे’, ‘मुलीला नांदायला पाठवा’ ही वाक्यं बैठकीत, वकिलाच्या नोटिशीत, ओट्यावरच्या गप्पांत आपण सहज बोलून जातो. त्यांतला कर्ता नवरा असतो. तो नांदवतो म्हणून ती नांदते, आणि त्यानं नांदवणं थांबवलं की ती ‘टाकलेली’ ठरते. ज्या घरात ती पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, तिथल्या तिच्या राहण्याचा धनी दुसराच कुणी असतो, हे आपल्या भाषेनं कधीच मान्य करून टाकलं आहे.

कौटुंबिक हिंसाचार आणि त्यापासून संरक्षण देणारा कायदा यांची ओळख करून देताना मी या शब्दापासून सुरुवात करते आहे, त्याला कारण आहे. हात उगारला जातो तो क्षणभर. त्या हातामागची खात्री मात्र वर्षानुवर्षं टिकून असते, आणि ती खात्री एकच: ही जाणार कुठे? माहेर सांगतं, आता तेच तुझं घर. सासर सांगतं, चालती हो माझ्या घरातून. या दोन वाक्यांच्या मधे बाईच्या पायाखाली हक्काची वीतभर जागा नसते. मारहाण, उपासमार, संशय, शिवीगाळ हे सगळं या बेघरपणावर उभं असतं. म्हणून कौटुंबिक हिंसाचाराचा प्रश्न मुळात ‘घर कुणाचं?’ हा प्रश्न आहे. २००५ च्या कायद्याचं मोल या प्रश्नाच्या उजेडातच कळतं.

न्यायालयानं हा प्रश्न पूर्वी कसा सोडवला होता ते आठवू. रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी राहायला गेल्या नाहीत. मुंबईत सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, शिकल्या. बायकोनं आपल्या घरी राहायला यावं म्हणून दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलात तो निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैशांच्या तडजोडीवर प्रकरण मिटलं. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटमध्ये त्यांनी रुग्णांची सेवा केली. त्या काळच्या कायद्याजवळ बाईला एका घरात ढकलण्याची ताकद होती. त्या घरात ती सुरक्षित राहील का, हे विचारण्याची सोय नव्हती. तिथून तिला हाकलून दिलं तर परत आणून सन्मानानं बसवण्याची तर नव्हतीच.

खटला मिटल्याच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केलं. विधवांना, निराधार स्त्रियांना तिथं छप्पर मिळालं, शिक्षण मिळालं. त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षं आपल्या समाजातल्या सुधारकांजवळ छळल्या जाणाऱ्या बाईसाठी हेच उत्तर होतं: तिला त्या घरातून बाहेर काढा आणि दुसरीकडे आसरा द्या. या आसऱ्यांनी असंख्य जीव वाचवले, त्यांचं ऋण फिटणारं नाही. तरीही प्रत्येक वेळी बोचकं बांधून निघायची ती बाईच. मुलांची शाळा सुटायची ती तिच्यामागे. ज्यानं छळलं तो त्याच घरात, त्याच पलंगावर, त्याच चुलीवरचं जेवत राहायचा.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बायका रस्त्यावर उतरल्या आणि हुंड्यासाठी होणारे मृत्यू ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून दडपणं अवघड झालं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात नारी समता मंच उभा राहिला. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं. नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरली. आज भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. घरातली मारहाण ही खासगी बाब नाही, हे राज्यसंस्थेनं पहिल्यांदा लेखी कबूल केलं ते इथं.

१९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलिसांच्या आवारात समाजकार्य शिकलेल्या बायका बसल्या आणि समोर येणाऱ्या बाईचं ऐकू लागल्या. पुढे राज्य सरकारनं हे कक्ष महाराष्ट्रभर नेले. स्वतः अनेक वर्षं मारहाण सोसलेल्या फ्लेविया ॲग्नेस वकील झाल्या आणि त्यांनी मुंबईत ‘मजलिस’ ही संस्था उभारली. अशा ठिकाणी जे कळत गेलं ते कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. येणाऱ्या बहुतेक जणींना नवरा तुरुंगात जायला नको होता. मारहाण थांबावी, डोक्यावरचं छप्पर राहावं, मुलं हातची जाऊ नयेत, महिन्याला खर्चाला पैसे मिळावेत, एवढंच त्या मागत होत्या. फौजदारी कायदा यातलं काहीच देऊ शकत नव्हता. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी घराला कुलूप, आणि बाई मुलांसह पायरीवर. गुन्हा नोंदवायचा तर घर सोडायचं, घर राखायचं तर मार खायचा. या पेचात बावीस वर्षं गेली.

नवा कायदा आपसूक आला नाही. सरकारनं २००२ मध्ये लोकसभेत जे विधेयक आणलं, त्यात ‘वारंवार’ मारहाण केली तरच ती हिंसा ठरणार होती. शिवाय स्वतःच्या किंवा आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी हात उचलला असं म्हणायची पळवाट पुरुषाला ठेवली होती. म्हणजे एकदोनदा मारलं तर चालेल, आणि घर माझं आहे म्हणून मारलं तरी चालेल! देशभरातल्या स्त्री-संघटनांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला. इंदिरा जयसिंग आणि त्यांच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’नं पर्यायी मसुदा मांडला होता. संसदीय समितीपुढे साक्षी झाल्या. अखेर १३ सप्टेंबर २००५ रोजी ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला.

या कायद्यानं पहिली गोष्ट केली ती हिंसेला तिची खरी नावं देण्याची. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चार रूपं मांडली आहेत. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं ही हिंसा आहे, असं कायदा स्पष्ट शब्दांत म्हणतो. ‘वांझोटी’, ‘पांढऱ्या पायाची’ हे शब्द ज्या घरांत रोज ऐकू येतात, तिथल्या बाईला हे ठाऊक हवं. आर्थिक हिंसेची ओळख तर फारच मोलाची. घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन विकून खाणं, तिची कमाई काढून घेणं, घरातल्या वस्तू वापरू न देणं, हे सगळं त्यात येतं. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारं जोडपं ‘एक कोयता’ म्हणून धरतात. दोघांच्या घामावर मिळणारी उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. त्यातली बाई वाढ्याच्या मोळ्या बांधते, डोक्यावरून ओझी वाहते, आणि मिठामिरचीसाठी नवऱ्याकडे हात पसरते. तिच्या अंगावर वळ नसले तरी तिच्यावर काय गुदरतं आहे, हे सांगायला आता कायद्यात शब्द आहे.

हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, या सगळ्या त्याच्या छत्राखाली येतात. मुलगा पेन्शन हिसकावून घेतो ती म्हातारी आई येते. भावानं घराबाहेर काढलेली अविवाहित बहीणही येते. तक्रार फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्ध करता येईल अशी मूळ अट होती. मुंबईतून गेलेल्या हिरल हरसोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१६ मध्ये ते दोन शब्द काढून टाकले. छळणारी स्त्री असली तरी ती आता सुटत नाही.

पण या कायद्याचं काळीज आहे ते कलम १७. घर कुणाच्याही नावावर असो, त्यात तिचा कायदेशीर हिस्सा असो वा नसो, ज्या घरात ती कौटुंबिक नात्यानं राहते तिथं राहण्याचा तिला हक्क आहे आणि रीतसर कायदेशीर मार्गाखेरीज तिला बाहेर काढता येणार नाही, असं हे कलम सांगतं. त्याच्या जोडीला कलम १९. न्यायदंडाधिकारी छळणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जायचा आदेश देऊ शकतात, घर विकायला मनाई करू शकतात, तिच्यासाठी त्याच तोडीच्या दुसऱ्या घराची सोय करायला किंवा भाडं भरायला लावू शकतात. रखमाबाईंना झालेल्या हुकुमानंतर ११८ वर्षांनी बोचकं बांधायची पाळी पहिल्यांदा पुरुषावर आली. ‘नांदवणं’ या क्रियापदाचा कर्ता कायद्यानं बदलला तो इथं.

हा बदल न्यायालयांनाही लगेच पचला नाही. कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात, तोच डिसेंबर २००६ मध्ये तरुणा बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथं राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडची घरं बहुतेक आईवडिलांच्या नावावर असतात. त्यामुळे पुढची चौदा वर्षं हजारो बायकांसमोर या निकालाचा कागद धरला गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चुकीचा ठरवला: घर सासऱ्याचं असलं, तरी ती तिथं संसार करत राहिली असेल तर ते तिचंही सामायिक घर आहे. मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. विधवा झालेली, सासरी प्रत्यक्ष राहू न शकलेली स्त्रीही हा हक्क मागू शकते. सासू-सासऱ्यांचे हक्क आणि सुनेचे हक्क यांचा तोल न्यायालयाला प्रत्येक प्रकरणात राखावाच लागतो. पण ‘हे तुझं घरच नाही’ असं आता कुणाला म्हणता येत नाही.

आता हे सारं मिळवायचं कसं, ते थोडक्यात सांगते. बाईनं संरक्षण अधिकाऱ्याकडे, पोलीस ठाण्यात, मान्यताप्राप्त संस्थेकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीही अर्ज केला तरी चालतो. संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरतात. अर्ज राहत्या ठिकाणी, तात्पुरता मुक्काम असलेल्या ठिकाणी किंवा कामाच्या ठिकाणी करता येतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यातही करता येतो, आणि बीडहून कोल्हापूरला उसाच्या फडावर आलेल्या बाईला तिथंही करता येतो. पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असं कायदा म्हणतो. धोका दिसत असेल तर समोरचा हजर नसतानाही तिच्या प्रतिज्ञापत्रावर तातडीचा आदेश निघतो. मारहाणीला मनाई, राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये: १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न बघता, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एवढं असूनही बाई गप्प का राहते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारांत एक आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. याच सर्वेक्षणात ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी कुठल्या ना कुठल्या कारणासाठी नवऱ्यानं मारणं योग्य मानलं. ‘पदरी पडलं पवित्र झालं’, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणी आपण मुलींना बाळगुटीतून पाजल्या, त्यांचं हे फळ आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं ते हे ओळखून. पोलिसांकडे न जाणारी बाई मोडलेला हात घेऊन दवाखान्यात तर येतेच. ‘जिन्यावरून पडले’ असं ती म्हणते तेव्हा पुढचा प्रश्न हळुवारपणे विचारणारं माणूस तिथं असलं पाहिजे.

गप्प राहण्याचं दुसरं कारण पुन्हा घराकडेच नेतं. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास प्रत्येक बापानं वाचावा असा आहे. ज्या बायकांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांच्यापैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार खाल्ला होता. नावावर फक्त जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, फक्त घर असलेल्यांत १० टक्के, आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के होतं. नावावर घर असलेली बाई उठून जाऊ शकते, आणि हे समोरच्याला माहीत असतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत गावोगाव शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली, त्यामागचं शहाणपण हेच. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं वाटा दिला. देशभरात तो मिळाला ९ सप्टेंबर २००५ पासून, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याला संमती मिळण्याच्या अवघे चार दिवस आधी. एका कायद्यानं माहेरचं दार उघडलं, दुसऱ्यानं सासरचं. तरीही रक्षाबंधनाची ओवाळणी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. ती सही करून घेणाऱ्या भावानं लक्षात ठेवावं की उद्या बहिणीवर हात उचलला गेला, तर त्या हाताला बळ देणाऱ्यांत तोही आहे.

कायद्याची अंमलबजावणी लंगडी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. साठ दिवसांची मुदत कागदावर राहते आणि तारखा वर्षानुवर्षं पडतात. संरक्षण अधिकाऱ्यांवर इतर कामांचे ढीग असतात. मे २०२५ मध्ये, म्हणजे कायदा होऊन वीस वर्षं होत आली तेव्हा, जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना द्यावे लागले. पोलीस ठाण्यात अजूनही ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून बाईला घरी धाडलं जातं. खरं तर कलम ५ प्रमाणे तिला तिचे सगळे हक्क समजावून सांगणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे.

आणि ‘गैरवापरा’चा आक्षेप? तो घेणाऱ्यांनी हा कायदा एकदा नीट वाचावा. यात तक्रार झाली म्हणून कुणाला अटक होत नाही. मारू नकोस, बाहेर काढू नकोस, पोरांच्या तोंडचा घास काढू नकोस, एवढंच न्यायालय सांगतं. कैदेची वेळ येते ती हा आदेश मोडल्यावर. ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगितलं आहे. खोट्या तक्रारी तपासायला न्यायालयं समर्थ आहेत. खऱ्या तक्रारींतल्या बहुसंख्य मात्र अजून उंबरठ्याबाहेर आलेल्याच नाहीत.

पुढची पानं वकिलांसाठी आहेतच, पण त्याहून अधिक ती अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे सचिव आणि शेजारच्या घरातला आवाज ऐकून टीव्ही मोठा करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहेत. या कायद्याचं कलम ४ आपल्याकरता लिहिलेलं आहे. हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूनं दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक पाठ असू द्या. ‘त्यांच्या घरातलं आहे, आपण कशाला मधे पडा’ हे वाक्य यापुढे तोंडातून येऊ देऊ नका. ते घर तिचंही आहे, हे कायद्यानं सांगितलं. तिला तिथं राहता येईल की नाही हे बऱ्याच अंशी पहिली किंकाळी ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. तुम्ही ऐकलीत, तर दार वाजवा.